समासातलं

कीथलीच्या वाचनालयात माझं काम असं:
परत आलेल्या पुस्तकांतून पेन्सिलच्या खुणा पुसायच्या.
शाई असली तर दंड. पेन्सिल असली तर मी.

मृत्यूचं कपाट वरच्या मजल्यावर, हीटरच्या शेजारी.
तिथं म्हातारी माणसं ऊब घ्यायला बसतात
आणि कुणी बघितलंच तर
हाताला येईल ते पुस्तक उघडतात.

डोरीन मिजली मात्र वाचायची.
क्लिफर्डच्या पश्चात दर मंगळवारी एक,
डावीकडून उजवीकडे, एकही न गाळता,
आणि समासात बारीक, तिरक्या अक्षरात
भांडत राहायची.

पहिल्याच पुस्तकात मृत्यू विळा परजत शेतातून येतो.
'आमच्याकडे बावन्न सालीच मशीन आलं.'

पुढं तो नावाडी होतो, पलीकडं न्यायला नाणं मागतो.
'म्हाताऱ्यांचा बसपास चालेल का?'

कुणी म्हणतं, ही तर गाढ झोप.
'क्लिफर्ड घोरायचा.' एवढंच. खाली दोनदा रेघ.

एक तत्त्वज्ञ तीनशे पानं खर्चून सिद्ध करतो
की भिण्यासारखं काहीच नाही.
'हे रात्री दोन वाजता लिहिलं, की जेवण झाल्यावर?'

आणि जिथं स्वर्गाची दारं उघडतात, तुताऱ्या वाजतात,
तिथं जरा समजुतीनं:
'तो बँडमध्ये कॉर्नेट वाजवायचा. जागा असली तर बघा.'

मी पुसत गेले. रबराचा चुरा
फुंकरीनं टेबलाखाली.

मग आपल्याकडच्या कथांचं एक भाषांतर आलं,
पान एकशे बारा: काळा पुरुष, हातात पाश, रेड्यावर स्वार.
शेजारी तिनं विचारलेलं:
'रेड्याचं नाव काय?'

मला येईना.
अण्णांना ठाऊक असणार, म्हणून फोन हातात घेतला,
कणकवलीचा नंबर अर्धा दाबला,
आणि मग आठवलं.

फेब्रुवारीत भावाचा फोन आला तेव्हा
मी लिफ्टमध्ये होते, पुस्तकांच्या ट्रॉलीसकट.
'अण्णा गेले,' तो म्हणाला.
मी विचारलं, 'कुठं?'

तो काहीच बोलला नाही.
त्याच्या मागं कुणीतरी बादली भरत होतं.
लिफ्टचं दार उघडलं, मिटलं,
पुन्हा उघडलं.

आपल्यात मरण हा शब्द कुणी अंगाला लावून घेत नाही.
माणूस जातो, वारतो, त्याला देवाज्ञा होते,
पत्रात कैलासवासी होतो,
फार दिवस अंथरुणाला खिळला असेल तर शेजारी म्हणतात, सुटला.
म्हणून तर दारातून निघताना 'जाते' म्हणायचं नसतं.
'येते' म्हणायचं.
अकरा वर्षांमागं एस. टी. स्टँडवर मी तसंच म्हणाले.
'ये,' अण्णा म्हणाले, आणि सुट्टे पैसे
माझ्या मुठीत कोंबले, वाटेत चहाला.
ते निघाले तेव्हा
'येतो' म्हणायला त्यांच्यासमोर मी नव्हते.

डोरीनचं शेवटचं पुस्तक
ह्या मंगळवारी तिच्या भाच्यानं आणलं.
नऊ दिवस उशीर. दंड किती, म्हणाला, पाकीट उघडत.
मी म्हटलं, नाही लागत.
एकोणसाठाव्या पानात बसचं तिकीट होतं,
त्यापुढचे समास कोरे.
पुसायला काही नाही, तरी मी
शेवटपर्यंत पानं उलटली.

पाच वाजता बाहेर काळोख. खाली दिवे मालवत होते.
मी वर जाऊन पान एकशे बारा काढलं.
ते अजून तसंच होतं, मी पुसलंच नव्हतं.
खिशातली पेन्सिल घेतली
आणि तिच्या प्रश्नाखाली, मराठीत,
नियम मोडून लिहिलं:

माहीत नाही, बाई.
विचारून सांगते.