आठ माग आणि एक टेनर

शनिवारी होटगी रोडच्या हॉटेलात, आठ ते अकरा.
मॅनेजर म्हणतो, हळू वाजवा, लोकांना जेवू द्या.
मी हळू वाजवतो.
पंधराशे मला, हजार दस्तगीरला.
तो ब्रशनं स्नेअर असा गोंजारतो
जणू झोपलेलं पोर आहे,
आणि उठलं तर पैसे कापतील.

रविवारी डॉक्टर बिराजदारांची पन्नाशी.
केक कापेपर्यंत भिंतीला टेकून उभं राहायचं,
मग वाढदिवसाची धून, मग सिनेमाची जुनी गाणी,
आणि चौथ्या गाण्याच्या मधे
कुणाचं लक्ष नसताना
सोळा बार आपले.
सोळा बारांत माणूस बराच लांब जाऊन येतो.
परत आलो तर आइस्क्रीम संपलं होतं.

मंगळवारी वरात. उसना ऑल्टो,
लाल कोट, एक नंबर मोठा.
उन्हात पितळ तापतं, ओठ सोलतो.
नवरदेवाचा मामा नोट फिरवत ओरडतो,
"जोरात की बे! जेवला नाहीस का?"
जेवलो नव्हतो.

पण एक वही आहे माझ्याकडं.
नान्नांची, टॉवेलच्या हिशोबाची, अर्धी कोरी.
डाव्या पानावर डझन, उधारी, सुताचा भाव,
उजव्या पानावर पट्टीनं ओढलेल्या माझ्या पाच-पाच रेघा.
वर लिहिलंय: आठ माग, एक टेनर, एक ब्रश.
नाव अजून सुचलेलं नाही.

गजूलशेठच्या कारखान्यात, सुताच्या पोत्यावर
मी झोपायला शिकलो.
आठ माग कधी एका वेळी ठोकत नाहीत.
एक जरा पुढं, एक रेंगाळलेला,
तिसऱ्याचा पट्टा सैल, तो लंगडायचा.
आणि चहाला उकळी यायला लागते तेवढ्या वेळानं
कधीतरी सगळे एका ठोक्यावर यायचे.
खट्.
एवढंच. मग पुन्हा पांगायचे.
भजनातले तबलजी त्याला सम म्हणतात,
दस्तगीर म्हणतो वन,
नान्ना काही म्हणायचे नाहीत,
धोटा बदलता बदलता मान हलवायचे.

पुढं रेल्वे इन्स्टिट्यूटमध्ये डिसा सरांनी
टेबलावर बोटं आपटून स्विंग समजावला,
मला वाटलं, अरे, हा तर तिसरा माग.
बोललो नाही. सर रागीट होते.

परवा गेलो गजूलशेठकडं.
म्हटलं, एक रात्र माग चालू ठेवा, रेकॉर्ड करायचंय.
शेठ चष्मा काढून पुसत राहिले.
"लाइट बिल तू भरणार?"
भरतो.
"आणि आठ कुठायत आता? पाच दिले भंगारात.
किलोवर गेले बघ, नान्नाचा पण गेला."
मी आत जाऊन बघितलं.
फरशीवर पाच ठिकाणी तेलाचे काळे चौकोन,
बोल्ट उपटलेली भोकं.
तिसरा होता जागेवर.
लंगडा कुणी घेतला नाही.

दस्तगीर म्हणाला, पाचांचं मी वाजवतो की, चार ताशे घेऊन येतो.
रात्रभर भांडलो आम्ही, सात रस्त्याच्या टपरीवर,
कडक भाकरी, शेंगा चटणी, तीन-तीन चहा.
मी म्हणतो, मोकळं सोडू. तो म्हणतो,
मोकळं ऐकायला लोक पैसे देतात का बे?
त्याचंही खरंय.
मिटलं नाही अजून.

अम्मा उंबऱ्यात विड्या वळत असते.
सुपावर तिची कात्री आपटते, पान, तंबाखू, दोरा, टिच.
ते पण लिहून घेतलंय, तिला सांगितलेलं नाही.
सांगितलं तर हात अवघडेल.

हॉटेलचा फोन होता, गुरुवारी पण या म्हणतात, बाराशेत.
हो म्हटलं. तीन मागांचं एका रात्रीचं बिल
साधारण तेवढंच येतंय.
तारीख ठरली, बावीस, रात्री नऊनंतर.
पंचांग बघितलंय,
त्या दिवशी लग्नाचा मुहूर्त नाही.