चौथं बटण

दादांच्या मापांच्या वहीत, सन चोपन्न,
सामंत वकिलांचा काळा कोट
आणि धुरूंच्या धाकट्याची लग्नाची शेरवानी
यांच्या मधल्या पानावर एक गिऱ्हाईक आहे
ज्याच्याकडून आगाऊ काही घेतलेलं नाही.

नावाच्या जागी: पडद्यावरचा उंच.
छाती चाळीस. कंबर बत्तीस, फार तर साडेबत्तीस.
उजवा खांदा अर्धा इंच उतरता.
पुढे पेन्सिलीनं, जरा तिरकं:
तिकडच्या शिंप्यानं झाकलाय. बेस हात आहे.

हे माप घ्यायला ते ठाकूरद्वाराहून चालत जात
धोबीतलावापलीकडे, रविवारी, सकाळच्या खेळाला,
गळ्यातली टेप काढायला विसरून.

इंग्रजी येत नव्हतं.
येस, नो, आणि ट्रायल ट्यूसडे.
गोष्ट ते कापडावरून लावत.
माणूस खोटं बोलणार असला की आधी कोटाचं बटण सोडतो.
बाई निघून जायचं ठरवते तेव्हा
हातमोजा पुरता चढवते, मग रडते.
घरी येऊन आईला हीच गोष्ट,
आणि आई कणीक मळता मळता, "पण ती त्याची कोण?"
"ते काही कळलं नाही," दादा म्हणत,
"अस्तर मात्र रेशमी होतं."

टेलिफोन ऑफिसातल्या मिस ब्रागांझा
एका झग्यासाठी सहा वेळा जाऊन आलेल्या.
पुढचा गळा त्यांना पाठ,
आणि पाठ दादांना.
कापायच्या टेबलावर खडूनं दोघांनी तो जुळवला,
अडलं ते रंगावर.
त्या म्हणाल्या, लाल. इतकी चिडलेली बाई दुसरं काय घालील?
दादा म्हणाले, मोरपंखी. लाल दिव्याखाली असा सांडत नाही.
तीन दिवस भांडले. मधे एकदा त्या कापड उचलून
निघूनही गेल्या, कोपऱ्यावरून परत आल्या.
शेवटी शिवला राखाडी,
पडद्यावर होता तस्सा.
कावेलच्या नाताळच्या नाचात
बँडवाल्यानं म्हणे आधी झगा ओळखला,
बाईंना नंतर.

पान तेच, शाई वेगळी.
एकसष्ट: कंबर छत्तीस. पोट आत ओढून धरतो.
अडुसष्ट: छाती उतरली. कोट जुनाच दिसतो.
कुणी शिवत नाही का आता त्याला?

तो गेल्याची बातमी आतल्या पानावर, सहा ओळी,
शेजारी घड्याळाची जाहिरात.
दादांनी दुकानाच्या अर्ध्या फळ्या लावल्या.
समोरचा इस्त्रीवाला हात पुसत आला, कोण गेलं?
"गिऱ्हाईक," दादा म्हणाले. "जुनं."
संध्याकाळी पुन्हा उघडलं, कारण
शाळेच्या युनिफॉर्मांचे दिवस होते.

आता तिथं मोबाईलची कव्हरं लटकतात.
मी एकाहत्तरची. भाचीनं टॅब दिला,
त्यात बोट फिरवता फिरवता परवा तो सापडला, तोच, चोपन्न सालचा.
वही मांडीवर घेऊन बसले.
पानाच्या तळाशी लिहिलंय:
बाहीला बटणं तीन. चौथं असणार. हात खिशात घातला. परत जाणे.
"परत जाणे" चार वेळा,
चौथ्यांदा दाबून, कागद फाटेस्तोवर.

दादांना जे कधी जमलं नाही ते मी करते:
थांबवते त्याला.
पायऱ्यांवर, एक पाय हवेत, हॅट हातात.
मागे नेते, पुढे आणते, पुन्हा मागे.
दोन बोटांनी बाही ताणते,
ती चौकोन चौकोन होऊन विरते
आणि हात खिशातच.
एक. दोन. तीन.
भाची विचारते, मावशी, नेट अडकलं का?

सोडून देते मग. चालू दे.
तो उतरतो, रस्ता ओलांडतो, गाडीचं दार उघडतो,
आत बसायला वाकतो
आणि कोट मानेशी किंचित सुटतो, क्षणभरच,
आणि, दादा, खरंच,
उजवा खांदा.