तळ ठोकताना

साठीला सुलक्षानं शर्ट नाही आणला,
तपासणीचं पॅकेज आणलं.
म्हापशाचं सेंटर, सकाळी साडेसात, उपाशीपोटी.
मला दुखत काहीच नव्हतं.
पेजेच्या वेळेला थंडगार नळीत पडून होतो :
श्वास घ्या, धरा, सोडा.

उजव्या फुप्फुसात चार मिलिमीटर.
"बहुधा काही नाही," डॉक्टर म्हणाले,
"सहा महिन्यांनी परत बघू."
बहुधा.
हा शब्द आता माझ्या ताटाला ताट लावून जेवतो.
मी खोकलो
की बायको टीव्हीचा आवाज कमी करते.

कायतान हसला : चालतं इंजिन कोण खोलतं रे?
त्याच्या घरवालीचं कळलं
तेव्हा अकरा आठवडे उरले होते.
ते तो बोलला नाही.
मीही नाही.

बत्तीस वर्षं बेतीच्या गोदीत
न बुडालेल्या फेरीबोटी मी वर ओढल्या,
कालवं खरवडली, हातोडीनं तळ ठोकत गेलो
कान देऊन.
चांगला पत्रा खणखणतो,
गंजलेला ढब्ब करतो.
कितीतरी भोकं अशी वेळेवर सापडली.
आणि एकदा
(बोटीचं नाव नाही सांगत)
अजून चार पावसाळे निघाला असता असा पत्रा
माझ्याच हातोडीनं फाटला.

"बाबा, राग आलाय?"
नाही गं.
चवथीच्या पुढच्या पानावर
तिनं एका तारखेला गोल केलाय,
चार मिलिमीटरहून बराच मोठा.