होयचा चौकोन

देवबागच्या अंगणवाडीत ताईने खोक्यातून काढले
चार लाल ठोकळे, एक खुळखुळा.
निहारने तीन रचले.
चौथा कुणी न सांगता.
ताई हसली. फॉर्मवर टिक.

मग ती त्याच्या पाठीमागे गेली.
खुळखुळा वाजला
आणि बाहेर सुकत घातलेल्या मोरीवरचा कावळा उडाला.
निहार ठोकळेच बघत राहिला.

"घराकडे हाक मारल्यावर वळता मां?"
वळता, म्हटलं मी.

वळतोच तो. मी दारात आले की
उजेड अडतो, तेव्हा.
कर्लीच्या खाडीत बापाचं इंजिन लागलं की
होडीच्या फळीवर तळपाय दाबून
त्या अंगाला बघतो.
सासू म्हणते, ह्येचो बापूस पण उशिरा बोललो.
दीड वर्ष मीही
तेच म्हणत आले.

ताईचं पेन होयच्या चौकोनावर टेकलं.

"थांब गो," मी म्हटलं,
"तो रकानो रिकामो ठेव.
माका एकदा
सावली न पाडता
हाक मारून बघू दे."

त्याच्या मागे, भिंतीला टेकून बसले.
नाव घेतलं.
मग पुरतं नाव, बापाच्या नावासकट, आडनावासकट,
जसं पुढे शाळेत घेतील.