तीनशे बारा वेळा नाही

सकाळपासून वजनकाटा मुका.
ट्रक चढतो, पत्रा करकरतो,
काट्याच्या डब्यावर आकडा उमटतो, लाल, ठसठशीत,
आणि वीस पावलांवरच्या ऑफिसात
नानुलीच्या पडद्यावर शून्य.
हातानं लिहिलेला आकडा पावतीला चालत नाही.

हंगामाचा पहिला दिवस. बाहेर अकरा ट्रक.
सापेरावीची काळी द्राक्षं आपल्याच भारानं फुटतायत,
फळ्यांच्या फटींतून रस ठिबकतोय तेलावीच्या धुळीत,
गांधीलमाश्यांचा सण.
काट्यावर अडकलेला जुंबेर हॉर्नवर कोपर टेकून:
"अजून दोन तास उन्हात ठेवा,
मग थेट वाइनच मोजा!"

मी तिबिलिसीहून आलेली, पाठीवर पिशवी, पोटात काही नाही.
आधी केबल पाहिली. केबल निर्दोष.
काट्याला चार हाका मारल्या.
एकीलाही ओ आली नाही.

मग दिसले ते दोघे.
एक कॉम्प्युटरबरोबरच आलेला, घरचा, पगार न मागणारा.
दुसरा साबानं, नानुलीच्या भाच्यानं,
विकत आणून बसवलेला: कोपऱ्यात ढालीचं चित्र,
दरवर्षी पैशांची आठवण.
तीन वर्षं घरचा निजला होता, म्हणून निभावलं.
मंगळवारच्या अपडेटनं त्याला हलवून उठवलं,
आणि उठल्या उठल्या त्यानं काट्याच्या वाटेवर
पाटी ठोकली: सार्वजनिक.
म्हणजे परकी. म्हणजे बंद.

घरच्याला निजवलं: शून्य.
त्याला उठवून बाजारच्याला निजवलं: शून्य.
दोघांनाही निजवलं, दहाच सेकंद, श्वास धरून:
दोन हजार तीनशे चाळीस.
नानुलीनं टाळी वाजवली. मी दोघांना परत उठवलं.
"अगं, का?"
"घर उघडं टाकून कसं चालेल?"

दोन घरचा पाहुणा उपाशी, तसा तो आकडा
दोन उंबऱ्यांच्या मध्ये ताटकळलेला.

घरच्याची पाटी बदलणं सोपं. खाजगी लिहिलं.
बाजारच्याची वही उघडली.
प्रिंटरला नाही.
घड्याळ मिळवायला आलेल्याला नाही.
बँकेला एकदा हो, लगेच खाली नाही.
काट्याला, मंगळवारी, नऊ वाजून चार मिनिटांनी, नाही.
सरकत गेले खाली, मोजत गेले.
तीनशे बारा.

"हे सगळे तुम्हीच दाबले?"
"साबा म्हणाला, विचारलं की नाही म्हण."
चष्मा पुसत राहिली.
"मला शिकावं लागलं नाही.
त्या वर्षांत वीज नसायची. रात्री दार वाजायचं.
बाबा पावाच्या रांगेला जाताना बाहेरून कुलूप घालायचे,
आई आतून कडी.
एकदा बर्फात किल्ली हरवली त्यांची.
हाका मारत होते, आम्हा तिघींची नावं घेऊन,
आणि आई म्हणत होती, नाही,
आवाज कुणालाही काढता येतो."

पुढे काय झालं, मी विचारलं नाही.
बाजारच्याला काढून टाकला.
गेला तरी त्याची एक गाठ मागे राहिलीच,
फिल्टर नावाची, नेटवर्कच्या तळाशी.
ती सोडवली. रीस्टार्ट.
पडदा काळा असेतोवर दोघी खिडकीकडे बघत बसलो.

ढाल होती तिथे आता काही नव्हतं.
"म्हणजे आता कुणी विचारणार नाही?"
"क्वचित."
"मग दार वाजलं हे मला कळणार कसं?"

घरच्याच्या सेटिंगमध्ये गेले,
'अडवलंत तर कळवा' याच्यापुढे खूण केली.
तिनं ती खूण बोट टेकवून पुन्हा पाहिली.
मग खिडकीची कडी काढली.
"जुंबेर! हलू नकोस आता!"

दोन हजार तीनशे अठ्ठावीस.

पावती हातात घेऊन जुंबेर उभाच.
सकाळी काट्यानं चाळीस दाखवले होते.
वरचे बारा किलो कुणाच्या खात्यात,
त्यानं विचारलं,
आणि नानुली, सवयीनं, म्हणाली: नाही.