पाटीवरचा एक

गोलपाटी माझ्याकडे आली,
कारण माझा डावा कान गेलेला, उजवा अर्धा,
आणि स्पर्धेच्या सरांना वाटलं
ह्याला कुणाची शिवी लागणार नाही.
चौतीस वर्षं यंत्रमागाशेजारी उभं राहिल्यावर
शिट्टी म्हणजे पंचाचे फुगलेले गाल, बास.
गोल मी पोरांच्या हातांवरून ओळखतो.

पाटी म्हणजे कुठल्याशा बंद दुकानाची फळी,
दोन खिळे इकडे, दोन तिकडे,
आणि पत्र्याचे आकडे, येमूल पेंटरनं रंगवलेले.
पाचाच्या पुढं त्यानं रंगवलेच नाहीत.
"फुटबॉलात एवढे होतेत कुठं बे?" म्हणाला,
आणि उरलेल्या पत्र्यानं कोंबड्यांचं खुराडं झाकलं.

एप्रिल. दुपारचे साडेचार.
आकडा नुसत्या हातानं धरवत नाही,
टॉवेलनं धरायचा. फेलमधला टॉवेल,
कडेचा धागा सुटलेला, मीच विणलेला असेल कदाचित.

एकीकडं विडी घरकुलची पोरं,
कुणाच्या एका बुटाला निळी लेस, दुसऱ्याला पांढरी.
दुसरीकडं होटगी रोडची शाळा, स्वतःच्या बसनं आलेली.
ओकटी, रेंडु, मूडु,
मी आईच्या भाषेत मोजतो, मराठीत टांगतो.

चौथा टांगला आणि पंचाचा हात वर गेला. ऑफसाइड.
काढ म्हणाले. काढला.
मागावरचा मीटर कधी उलटा फिरला नाही,
त्याच्यावर शनिवारचा पगार होता.
माझ्या हातून आयुष्यात पहिल्यांदा
एक आकडा मागं आला
आणि कुणाची मजुरी कापली गेली नाही.
मी तो चार जरा वेळ हातातच धरून बसलो.

मग तो पुन्हा टांगावाच लागला. मग पाच.
मग सहावा.
सहा कुठून आणू?
पाचाशेजारी एक लावला, पाच अधिक एक,
हिशेब चोख.
पण अख्खं मैदान पोट धरून वाकलं.
घरकुलचा गोली, नदाफांचा तौसिफ, वळून पाटीकडं बघत राहिला.
मागाच्या खडखडाटात आम्ही ओठ वाचायला शिकलो होतो.
तो म्हणत होता, "चाचा, एक्कावन्न?"

शेवटची दोन मिनिटं असतील.
बोल्लीच्या श्रीनिवासच्या नडगीला बॉल लागला,
पायाला नव्हे, नडगीला,
आणि लंगडत लंगडत आत गेला.
त्यालाही कळलं नाही. आधी मला कळलं,
कारण अकरा पोरांचे बावीस हात वर,
तौसिफचे तर मोज्यांचे हातमोजे घातलेले.

मी पोत्यात हात घातला.
शून्य, दोन, दोन, तीन.
दुसरा एक कुठाय?
महादेवीच्या चहाच्या गाडीवर,
मागच्या रविवारपासून स्टोव्हला वाऱ्याचा आडोसा.
पोरं पाटीकडं बघतायत.
शून्य अजून तसाच.

मग मी पलीकडं गेलो,
पाचाशेजारचा एक काढला
आणि अलीकडच्या खिळ्याला अडकवला.

होटगी रोडचे सर धावत आले.
गळ्याच्या शिरा, बोटं, पुन्हा बोटं,
"आमचे सहा आहेत! सहा!"
स्वच्छ वाचलं मी.
आणि कानाला हात लावून दाखवला.

पंचाच्या वहीत सहाच आहेत,
वहीला कुणी हात लावलेला नाही.
पोरांनी पाटीखाली उभं राहून मोबाइलवर फोटो काढला,
श्रीनिवासनं पायमोजा खाली करून नडगी पुढं धरली.
पाच-एक.
उन्हानं फळी तिरकी दिसत होती, की होतीच तिरकी.

अंधार पडायला महादेवीनं दुसरा एक परत दिला.
काजळीनं पार काळा, रंग कुठं नि पत्रा कुठं.
अंगठ्यानं पुसून पाहिलं, नाही निघत.
वरचं खिळ्याचं भोक मात्र शाबूत आहे.
पोत्यात टाकला.