कट-ऑफ

रावपुऱ्यात, चष्म्याच्या दुकानावर,
दुसऱ्या मजल्यावर आमची पेढी.
पेढी म्हणजे दोन टेबलं, एक प्रिंटर,
जितुभाई आणि मी.
इश्यू उघडला की तीन दिवस जिना दमतो.

लोक येतात, पॅन कार्ड पुढे सरकवतात,
भाव विचारतच नाहीत.
'कट-ऑफ मारी दो,' म्हणतात.
मी चौकटीत खूण करतो.
त्या खुणेचा अर्थ असा, की
तुम्ही सगळे मिळून जो ठरवाल
तो मला मान्य,
मी हूं की चूं करणार नाही.

वासंती दबीर खूण करू देत नाहीत.
मुलींच्या शाळेत बत्तीस वर्षं गणित शिकवलं,
दांडिया बाजारातून चालत येतात,
पिशवीत कंपनीचं जाडजूड माहितीपत्रक,
कर्जाच्या आकड्याखाली शिसपेन्सिलीची रेघ.
'किंमत मी लिहिणार.'
आणि लिहितात पट्ट्याच्या तळाचा आकडा.

जितुभाई कपाळाला हात लावतात.
'बेन, चाळीस पट भरणार हा.
वरच्या भावाखालचे अर्ज सगळे रद्दीत.
भाव सांगायचा नसतो इथे,
आपण रांगेत आहोत एवढंच कळवायचं.'
'भाजीवालीला तरी सांगता ना,
इतक्याला नको म्हणून?'

चार वर्षं. अकरा अर्ज. एक शेअर नाही.
वाटपाच्या रात्री अख्खा रावपुरा
एकमेकांना विचारतो, 'लागलं का?'
बाईंना कुणी विचारत नाही.

मग तो नळ बनवणाऱ्यांचा इश्यू आला.
बाजार झोपलेला. शेवटच्या दुपारी
पुस्तक कसंबसं भरलं,
मोठे गिऱ्हाईक तळालाच बसून राहिले,
आणि भाव ठरला एकशे अठरा.
खूण करून आलेले सगळे, माझ्यासकट,
त्या दिवशी बाईंच्या आकड्यावर उतरलो.

मी फोन केला. 'लागले, बाई. मागितले तेवढे.'
पलीकडे कुकरची शिट्टी.
'तेवढे? सगळे?'
पुन्हा एक शिट्टी.
'मग कुणालाच नको होते म्हणायचे.'

पहिल्या सकाळी बाजारात उघडला एकशे एकला.
जितुभाई सूरसागराकडे तोंड करून उभे.
बाई आल्या. खुर्ची दिली, बसल्या नाहीत.
चष्मा कपाळावर सरकवून
स्क्रीनवरचा लाल आकडा जवळून पाहिला.
'सतरा रुपयांनी चुकले.
पुढच्या वेळी पट्ट्याच्या खालचं लिहिता येईल?'
'नाही. मशीन घेत नाही.'
'मग विचारता कशाला?'

माझ्या लग्नाच्या बैठकीत, करजणला,
सासऱ्यांनी विचारलं होतं, तुमचं काय म्हणणं?
मी म्हणालो, मोठी माणसं ठरवतील तसं.
हेमांगी आतल्या खोलीत होती, तिनं ऐकलं.
एकवीस वर्षांनी, पोळ्या करताना,
मध्येच विचारते,
पण तुला काय हवं होतं रे तेव्हा?
मी कणकेचा डबा फडताळात ठेवतो.

उद्या बॅटरीवाल्यांचा इश्यू उघडतोय.
जितुभाईंनी शंभर फॉर्म छापून ठेवलेत.
फॉर्म पेनानेच भरावा लागतो,
तरी बाई आधी शिसपेन्सिलीने लिहून बघतात.
मी एक टोक करून ठेवली आहे.